बाबागाडी (खडबडीत वाटेची)

बाबागाडी : लहान मुलाला निजवून किंवा बसवून हाताने ढकलत न्यायची चाकांची गाडी. यातला ‘बाबा’ म्हणजे वडील नव्हे, लहान मूल. ‘बाबासूट’ या शब्दात तो त्याच अर्थाने येतो. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या घरची नोकरमाणसे मालकाच्या मुलांना ‘बाबा’ म्हणत, त्याच वळणाचा हा शब्द आहे. दुकानात आज ‘प्रॅम’ आणि ‘स्ट्रोलर’ अशी दोन नावे ऐकू येतात. प्रॅममध्ये तान्हे मूल आडवे निजते, स्ट्रोलरमध्ये ते बसते. घरात मात्र दोन्हींना बाबागाडीच म्हणतात. पांगुळगाडा ही वेगळी वस्तू. तीन चाकांचा तो लाकडी गाडा मूल स्वतः धरून ढकलते आणि त्याच्या आधाराने पाऊल टाकायला शिकते.

या नोंदीत खडबडीत वाटेवर टिकणाऱ्या दणकट बाबागाडीचा विचार नाशिक जिल्ह्यातील चांदवड गाव आणि तालुक्याच्या वाटा समोर ठेवून केला आहे. गाडी कुठल्या जमिनीवर चालणार हे आधी ठरवावे आणि मग गाडी पाहावी. बहुतेक घरांत हे नेमके उलटे होते. आधी गाडी येते, मग ती अंगणाबाहेर जात नाही असे कळते आणि शेवटी तिच्यात वाळलेले कपडे साठतात.

बाबागाडीचा इतिहास श्रीमंताघरी सुरू होतो. इंग्लंडमध्ये विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने १७३३ मध्ये डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी केली. ती बकरी किंवा लहान तट्टू जुंपून ओढायची होती. ओढण्याऐवजी मागून ढकलण्याची सोय एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि मूल सांभाळणाऱ्याच्या नजरेसमोर आले. पुढचे दोन बदल या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ओवेन मॅक्लॅरन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केले होते. १९६५ मध्ये त्याने अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम ३ किलोची गाडी रचली. आज शहरात दिसणाऱ्या हलक्या गाड्या तिच्या वंशातल्या. दुसरी वाट अमेरिकेत निघाली. फिल बेचलर याने १९८४ मध्ये मुलाला घेऊन धावता यावे म्हणून बाबागाडीला सायकलची चाके बसवली. मोठ्या चाकांची, तीनचाकी, ‘ऑल-टेरेन’ म्हणून विकली जाणारी गाडी त्या प्रयोगातून आली. मॅक्लॅरनच्या गाडीला गुळगुळीत फरशी हवी, बेचलरच्या गाडीला मोकळी वाट. चांदवडला एकाच दिवसात दोन्ही भेटतात.

चांदवड नाशिकच्या ईशान्येस सुमारे ६५ किमी.वर, मुंबई-आग्रा महामार्गावर, सातमाळा रांगेच्या कुशीत आहे. गावामागे चांदवडचा किल्ला, आसपास इंद्राई, राजधेर, कोळधेर. डोंगरात चंद्रेश्वराचे देऊळ आणि जैन लेणी, महामार्गालगत रेणुकामातेचे देऊळ, गावात होळकरांचा रंगमहाल. जमीन काळ्या पाषाणाची. उंच भागात मुरूम, सखल भागात काळी माती. पुष्कळ कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यात राहतात. मळ्यातले मूल डोस घ्यायला दवाखान्यात निघाले की वाटेत सारवलेले अंगण लागते, मग मुरूम, मग ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या, मग डांबरी रस्त्याची तुटलेली कड आणि शेवटी दवाखान्याची पायरी. उन्हाळ्यात याच वाटेवर घोट्याएवढा फुफाटा असतो.

अशा वाटेवर सगळा फरक चाकाच्या व्यासाने पडतो. हे साध्या गणिताने दिसते. वाटेत ४ सेंमी. उंचीचा दगड आहे असे धरू. १५ सेंमी. व्यासाचे चाक त्यावर सरळ ढकलून चढवायचे, तर त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर लागतो. चाक ३० सेंमी.चे असेल, तर भाराइतकाही लागत नाही. लहान चाक दगडाला अडते, गाडी जागच्या जागी थांबते आणि मूल पट्ट्यात पुढे झुकते. म्हणून पुढचे चाक निदान २५ सेंमी.चे आणि मागची ३० सेंमी.ची किंवा त्याहून मोठी असावीत. यापेक्षा लहान चाकांची गाडी मळ्याच्या वाटेसाठी घेऊच नये, मग तिच्यावरचे कापड कितीही देखणे असो. चाक मोठे असले तरी दगड आल्यावर दांडी खाली दाबून पुढचे चाक उचलावे आणि पलीकडे टेकवावे. फुफाट्यात किंवा सुट्या खडीत गाडी उलटी फिरवून ओढत न्यावी. पुढे ढकलताना चाक मातीत रुतते, ओढताना ते वर येते.

तीन चाके की चार, याचे एकच उत्तर नाही. तिवई जशी कुठेही डगमगत नाही, तशी तीनचाकीची तिन्ही चाके उंचसखल जमिनीवर टेकलेली राहतात. चारचाकीचे एखादे चाक तिथे अधांतरी राहते. पण उताराला आडवे जाताना किंवा झटक्यात वळताना तीनचाकी कलंडण्याची शक्यता जास्त. दोन्ही प्रकारांत पुढचे चाक बहुधा सगळीकडे फिरणारे असते आणि बाजारातल्या गर्दीत ते सोयीचे पडते. मात्र खडकाळ वाटेवर तेच चाक थरथरते, आडवे होते. त्याला सरळ जखडणारी खिट्टी असलीच पाहिजे आणि ती एका हाताने लागली पाहिजे.

टायरचा प्रश्न चांदवडकडे काट्याचा प्रश्न आहे. हवेचे टायर धक्के उत्तम शोषतात, पण बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि पायवाटेवर पसरणारे सराटे त्यांना सोडत नाहीत. फोम भरलेली किंवा भरीव रबराची चाके पंक्चर होत नाहीत. ती जड असतात आणि हादरे थोडे जास्त पोचवतात, तरी या तालुक्यात रोज वापरायच्या गाडीला तीच बरी. हवेचे टायर घ्यायचेच असतील तर माप पाहून घ्यावेत. १२½ × २¼ इंची टायर-ट्यूब लहान मुलांच्या सायकलीलाही लागते, त्यामुळे ती सायकलच्या दुकानात मिळते. विचित्र मापाच्या चाकाची ट्यूब फुटली की गाडी महिनोन्महिने पडून राहते. बऱ्याच बाबागाड्यांचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असतो, आपल्याकडच्या साध्या सायकलसारखा नसतो. त्यामुळे हवा महामार्गालगतच्या पंक्चरवाल्याकडे भरता येते. तिथे कॉम्प्रेसरचा जोर मोठा असतो आणि ही ट्यूब लहान. दाबाचा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो, तो आधी वाचून दाखवावा.

आरे असलेल्या चाकांबद्दल परदेशी माहितीपत्रके एक गोष्ट सांगत नाहीत. साडीचा पदर, ओढणी किंवा मुलाचे लोंबते दुपटे आऱ्यांत अडकू शकते. ढकलणारी बाई पुढे वाकली की पदर नेमका मागच्या चाकाजवळ येतो. बंद तबकडीची किंवा जाड प्लॅस्टिकच्या मोजक्या पात्यांची चाके इथे अधिक सुरक्षित. पदर खोचूनच गाडी हातात घ्यावी.

पावसाळ्याबद्दल सरळ सांगायला हवे की काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर कोणतीही बाबागाडी चालत नाही. चिखल चाकाला थरावर थर चिकटतो, चाक आणि दांड्यामधली फट भरते आणि गाडी घसरगाडी होते. पाऊस उघडल्यावर वाट वाळेपर्यंत मूल कडेवरच न्यावे. मुरमाच्या वाटेवर मात्र पाणी निथळले की मोठ्या चाकाची गाडी निर्धोक जाते.

दणकटपणाची किंमत वजनात मोजावी लागते. छत्रीसारखी मिटणारी गाडी ५ ते ७ किलोंची असते, मोठ्या चाकांची १० ते १५ किलोंची. तालुक्यातल्या पुष्कळ घरांचे वाहन मोटारसायकल आहे आणि तिच्यावर ही जड गाडी घेऊन जाणे शक्य नाही, धोक्याचेही आहे. एसटीत चढवायची तर मूल एका हातावर, पिशवी खांद्यावर आणि गाडी दुसऱ्या हातात अशी तारांबळ होते. घरात चारचाकी नसेल आणि घर गावठाणात डांबरी रस्त्यालगत असेल, तर मधल्या वजनाची, २० सेंमी.च्या आसपासच्या चाकांची गाडी घेणे शहाणपणाचे. मळ्यात राहणाऱ्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ मुलाला शिवारातून फिरवणाऱ्या घराने वजनाची भीती धरू नये. दाराची चौकट आधी मोजावी. या गाड्या ६० ते ६५ सेंमी. रुंद असतात आणि जुन्या घरांतल्या अरुंद दारांतून, उंच उंबऱ्यावरून त्या सहज जात नाहीत. दांडीची उंची कमीजास्त होणारी हवी, कारण एकत्र कुटुंबात सकाळी गाडी आजीच्या हातात असते आणि संध्याकाळी काकाच्या.

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी फिरवून काही कळत नाही. बैठकीत गव्हाची १० किलोंची पिशवी पट्ट्याने बांधावी आणि दुकानाची पायरी उतरून, रस्त्याच्या कडेच्या खडीवर गाडी चालवून पाहावी. एका हाताने सरळ जाते का, ब्रेक चपलेच्या पायानेही लागतो का, मिटलेली गाडी आपोआप उघडत नाही ना, हे पाहावे. मिटण्याच्या सांध्यांवर आवरण आहे का, याकडे विशेष लक्ष द्यावे. अशा सांध्यांत मुलांची बोटे सापडून गंभीर इजा झाल्या आणि २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांबाबत परतीची सूचना निघाली. गाडी उघडताना आणि मिटताना मूल दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर असावे. खोक्यावर ‘ईएन १८८८’ हे युरोपीय किंवा ‘एएसटीएम एफ८३३’ हे अमेरिकी मानक लिहिलेले असेल, तर स्थैर्य, ब्रेक आणि पट्ट्यांच्या चाचण्या त्यात येतात. युरोपीय मानकाचे २०१८ पासून दोन भाग आहेत : १५ किलोंपर्यंतच्या मुलांसाठी एक, १५ ते २२ किलोंच्या मुलांसाठी दुसरा.

पट्टा पाच टोकांचा हवा. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून. रेणुकामातेच्या देवळाच्या परिसरात किंवा डोंगरउतारावरच्या कुठल्याही रस्त्यावर गाडी क्षणभरही ब्रेकशिवाय सोडू नये. दांडीला जोडलेली दोरी मनगटात असावी. थांबताना गाडी उताराला आडवी लावावी. बाजारात दांडीला कांद्याबटाट्याची पिशवी अडकवण्याची सवय फार धोक्याची. मूल उचलले की मागचा भार जिंकतो आणि गाडी उलटते. मूल गाडीत असतानाही जड पिशवीने ती मागे कलंडू शकते. सामान खालच्या टोपलीतच ठेवावे.

मूल किती महिन्यांचे आहे, यावर वाट ठरते. बाळाने मान धरलेली नसते तोवर त्याला सपाट निजवावे लागते आणि खडबडीत वाट त्याच्यासाठी नाही, मग गाडीला स्प्रिंग कितीही चांगल्या असोत. सहा महिन्यांच्या आसपास मान पक्की होते, आधाराने बसणे जमते, तेव्हा मुरमाची वाट चालते. गाडी घेऊन धावायचे असेल तर आणखी थांबावे आणि डॉक्टरांना विचारावे.

उन्हाळ्याचा विचार गाडीच्या छतापासून करावा. छत खोल हवे आणि त्याला मागे जाळी हवी. ऊन लागू नये म्हणून माय-आजी प्रेमाने गाडीवर टॉवेल किंवा दुपटे पांघरतात. त्याने आतली हवा कोंडते आणि थोड्याच वेळात आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडते. चैत्र-वैशाखात दुपारी गाडी बाहेर काढूच नये. महामार्गाची दुसरी एक बाब आहे. गाडीतल्या मुलाचे नाक जमिनीपासून हातभर-दीड हातावर, म्हणजे वाहनांच्या धुराच्या पातळीवर असते. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडले की गाडीतल्या तान्ह्या मुलाच्या वाट्याला येणारे प्रदूषण मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक असू शकते. राहुड घाटाकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेलगत फेरी मारण्यापेक्षा शिवारातली वाट धरावी. त्या वाटेवर चालणारी गाडी घ्यायची, ती यासाठीच.

काही जागा बाबागाडीच्या नाहीतच. लेण्यांच्या पायऱ्या, रंगमहालातले जिने, किल्ल्याची चढण, नवरात्रातली देवळातली गर्दी इथे गाडी खाली ठेवून मूल अंगाशी बांधून न्यावे. कांद्याच्या लागणीला गेलेल्या बाया बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून मूल निजवतात. त्या झोळीची जागा कुठलीही गाडी घेत नाही. झोळी हलते, सावलीत राहते, वारा आरपार जातो आणि मूल किडामुंगीपासून वर राहते. बाबागाडी घरात आली म्हणून झोळी बांधण्याचे कसब घरातून जाऊ देऊ नये.

मूल तीन-साडेतीन वर्षांचे झाले की गाडी बहुधा बहिणीकडे किंवा जावेकडे जाते. ही चांगली रीत आहे, कारण सांगाडा एका मुलात झिजत नाही. झिजतात ते पट्ट्याचे कुलूप, ब्रेकची खिट्टी आणि चाकांचे बेअरिंग, त्यात फुफाटा गेलेला असतो. चाके काढून धुवावीत, रबरात रुतलेले काटे चिमट्याने उपटावेत, आसाला थोडे तेल द्यावे. जुनी गाडी घेणाऱ्याने गव्हाच्या पिशवीची चाचणी पुन्हा करावी. हवेचे टायर असतील तर पंप आणि जादा ट्यूब गाडीबरोबरच मागून घ्यावी.