स्थानिक मालवाहू वाहनचालक (परभणी जिल्हा)

स्थानिक मालवाहू वाहनचालक : मोंढा, गोदाम, रेल्वेचा मालधक्का, जिनिंग, दुकान आणि शेत यांच्यात कमी पल्ल्याची मालवाहतूक करणारा कामगार. एकाच खेपेत अनेक ठिकाणी माल उतरवावा लागत असल्याने मोजणी, बांधणी, कागदपत्रे, सुपूर्दगी आणि वसुली ही कामेही त्याच्याकडेच येतात.

वाहने व माल : परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ व पालम या नऊ तालुक्यांत ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस (बाजारात २००५), पिकअप, टेम्पो आणि आयशर ही वाहने वापरात आहेत. गावाकडून कापूस, सोयाबीन, तूर येते. परतीला खत, सिमेंट, किराणा व सरकी पेंड जाते. भारासह ७,५०० किग्रॅ.पर्यंतचे मालवाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

भरणी व बांधणी : जे दुकान शेवटी येणार, त्याचा माल आधी भरावा लागतो; पण जड माल तळाशी आणि केबिनच्या बाजूला हवा. या दोन्ही गरजांचा मेळ चालक घालतो. ४५ किग्रॅ.ची युरियाची आणि ५० किग्रॅ.ची सिमेंटची पोती ओली होऊ द्यायची नाहीत. कीटकनाशके धान्याजवळ ठेवायची नाहीत. कापूस वजनाला हलका, पण थर उंच जातो. गावच्या रस्त्यावर लोंबणाऱ्या वीजतारा आणि एखादी ठिणगी हा त्याचा मोठा धोका. म्हणून भरणीपाशी विडी-काडीला मनाई करणे हेही चालकाचेच काम. फाळका लावणे, ताडपत्री ओढणे, दोर आवळणे आणि थोड्या अंतरावर थांबून दोर पुन्हा तपासणे हा नित्यक्रम असतो. क्षमतेपेक्षा जास्त भार भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. मालकाने आग्रह धरला तरी वजनकाट्याची पावती पाहून ‘एवढे नेणार नाही’ म्हणण्याचा प्रसंग चालकावरच येतो.

कागदपत्रे : नोंदणी, विमा, योग्यता आणि प्रदूषण ही प्रमाणपत्रे जवळ लागतात. भारासह वजन ३,००० किग्रॅ.पेक्षा जास्त असल्यास वाहतूक परवानाही हवा. मालाबरोबर बीजक आणि बिल्टी असते. महाराष्ट्रांतर्गत एक लाख रुपयांहून जास्त किमतीच्या करपात्र मालाला ई-वे बिल लागते. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या वाहनात हलवला, तर त्या वाहनाचा क्रमांक बिलात भरून घ्यावा लागतो.

सुपूर्दगी व वसुली : दुकानापुढे नग मोजून देणे, फुटलेला किंवा ओला नग पावतीवर नोंदवणे, सही-शिक्का घेणे, रोकड सांभाळणे आणि परत आलेला माल व बारदाना गोदामात जमा करणे या कामांत चूक झाली, की पहिला जाब चालकालाच विचारला जातो. हमाल नसेल तेथे पोती उतरवण्यासही तो हात लावतो.

देखभाल व रस्ता : टायरची हवा, तेल, पाणी, ब्रेक आणि दिवे रोज सकाळी पाहावे लागतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चाक रुतते. म्हणून गाडी कोठपर्यंत न्यायची, हे ठरवणे अनुभवाचे काम ठरते. अपघात झाल्यास जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे.

कायदेशीर स्थान : मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने कामाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा ठरवला. माल भरणे-उतरवणे, हिशेब, रोकड भरणा आणि वाहनाची देखभाल ही गाडी उभी असतानाची कामे त्याने जोडकाम म्हणून स्पष्टपणे कामाच्या वेळेत धरली. व्यवहारात मात्र खेपेवर पैसे मिळणाऱ्या चालकाचा हा वेळ हिशेबात येत नाही, आणि तो अन्याय आहे. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच हा अधिनियम लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा चालक त्याच्या संरक्षणाबाहेर राहिला.