दादाजानचा सूट आणि दोन बॅरिस्टर

आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात दादाजानचा सूट आहे. निळ्या सर्जचा, १९६१ साली निकाहसाठी मुंबईत शिवलेला. कोकणातल्या दमट हवेत लोकर टिकवणे म्हणजे रोजची लढाई. पाऊस सरला आणि ऑक्टोबरचे ऊन पडले की दादी तो सूट बाहेर काढत, अस्तर वर करून सावलीत वाऱ्यावर टांगत, मऊ ब्रशने झाडत आणि पुन्हा वाळल्या कडुनिंबाच्या पाल्यात ठेवत. उन्हात का नाही, असे आम्ही लहानपणी विचारले होते. "रंग उडतो, आणि कापड रुसते," एवढेच उत्तर मिळाले.

हा सूट आज आठवला तो वर्गामुळे. इतिहासाच्या तासाला गांधीजींचा धडा चालू होता. पुस्तकात पंचा नेसलेले चित्र. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, गांधीजींनी कधी सूट घातलाच नाही का?" आम्ही म्हणालो, घातला, आणि त्यापायी बरेच सोसलेही. मग तास संपेपर्यंत धडा बाजूलाच राहिला. त्या दिवशी जे सांगितले आणि जे सांगायचे राहिले, ते इथे लिहीत आहोत.

आधी एक छोटी गोष्ट. सूट म्हणजे शंभर टक्के साहेबी वस्तू, असे आपल्याकडे समजतात. पण ऑक्टोबर १६६६ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारात कोटाच्या आत घालायचा लांब व्हेस्ट रूढ केला, तेव्हा जॉन एव्हलिन या दरबाऱ्याने आपल्या रोजनिशीत त्याला इराणी धाटणीचा पोशाख म्हटले. थ्री-पीस सुटातल्या वेस्टकोटाचा हा पूर्वज. शिवाय लोकरीला अरबीत सूफ म्हणतात, आणि सूफी या शब्दाचे मूळ बहुतेक अभ्यासक त्या सूफमध्येच शोधतात. जाडीभरडी लोकर पांघरणारा फकीर आणि कडक कॉलरचा साहेब, दोघांच्या अंगावर मेंढीच.

आता गांधीजी. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून निघाले. बोटीवर काळा सूट वापरला. मित्रांनी करून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट मात्र विलायतेच्या किनाऱ्यावर उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला. आपल्या घरचाही हाच रिवाज नाही का? चांगले कपडे पेटीत, प्रवासात जुने. पण उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आलेला, थंडी सुरू झालेली, आणि साऱ्या गर्दीत पांढरे कपडे घातलेला माणूस हा एकटाच. सामान किल्ल्यांसह एजंटाच्या ताब्यात दिलेले, दिवस शनिवारचा, दुसऱ्या दिवशी रविवार. बदलायला कपडे नाहीत. आत्मकथेत त्यांनी ही फजिती मोकळेपणाने सांगितली आहे.

त्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. गांधीजींनी बोलता बोलता त्यांची उंच टोपी उचलली आणि ती किती मऊ आहे हे पाहण्यासाठी तिच्यावरून उलटा हात फिरवला. लव विस्कटली. मेहतांनी रागाने पाहिले. आम्हाला यात दादी दिसतात. ब्रश नेहमी लव जाते त्या दिशेने, वरून खाली फिरवायचा, हे त्यांनी आम्हाला चापट मारून शिकवले होते.

मुंबईत शिवलेले कपडे तिथे शोभेनात म्हणून नवे घेतले, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवला, आरशासमोर टाय बांधायला शिकले. पुढे दक्षिण आफ्रिकेत धोब्याचा खर्च वाचवायला कॉलर घरी धुऊ लागले, तेव्हा खळ जास्त झाली, जळेल या भीतीने इस्त्री नीट तापवली नाही, आणि कोर्टात कॉलरमधून खळीचा भुगा पडू लागला. बॅरिस्टर मंडळी हसली.

पण ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली ती १८९३ सालची आहे. पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांच्या दादा अब्दुल्ला पेढीने गांधीजींना डर्बनला बोलावले. ते उतरले तेव्हा अंगात फ्रॉक कोट, डोक्याला पगडी. तिथले मुसलमान व्यापारी लांब झगे घालत आणि स्वतःला अरब म्हणवीत, पारशी स्वतःला पर्शियन म्हणवीत. कारण हिंदी म्हटले की गोऱ्यांच्या लेखी कुली. कोर्टात मुसलमानी पोशाखवाल्याला पगडी ठेवता येई, बाकीच्या हिंदी माणसांना ती उतरवावी लागे. गांधीजींना पगडी काढायला सांगितली तेव्हा ते कोर्टातून उठून गेले. मग पगडी सोडून इंग्रजी हॅट घालावी असे त्यांच्या मनात आले. अब्दुल्ला शेठ म्हणाले, असे कराल तर जे पगडीसाठी अडून बसलेत त्यांचे काय? आणि हॅट घातलीत तर लोक तुम्हाला वेटर समजतील. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या एका मेमन व्यापाऱ्याने बॅरिस्टरला दिलेला हा सल्ला पाठ्यपुस्तकात नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

त्याच वर्षी जूनमध्ये पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून ढकलून उतरवले. हे सर्वांना ठाऊक आहे. कमी लोकांच्या लक्षात राहते ते असे, की त्या कडाक्याच्या थंडीत त्यांचा ओव्हरकोट रेल्वेने ताब्यात घेतलेल्या सामानात होता. तो मागायची त्यांची छाती झाली नाही, पुन्हा अपमान होईल म्हणून. रात्रभर ते कुडकुडत बसले. लोकरीचा चांगला कोट, स्वतःच्या पैशाचा, चार पावलांवर, आणि तो मागता येत नाही.

पुढे जोहान्सबर्गला अब्दुल गनी शेठ म्हणाले, इथे हिंदी माणसाला पहिल्या वर्गाचे तिकीट देतच नाहीत. गांधीजींनी स्टेशनमास्तरला चिठ्ठी लिहिली, उत्तराची वाट न पाहता फ्रॉक कोट आणि नेकटाय घालून स्वतः खिडकीशी उभे राहिले आणि एक सॉव्हरिन पुढे ठेवला. तिकीट मिळाले. म्हणजे सूट एकदा कामी आला. पण तिकीट देणारा हॉलंडचा माणूस होता, त्याच्या मनात सहानुभूती होती. केवळ कोटानेच दार उघडले असते, तर मॅरिट्झबर्गलाही उघडायला हवे होते.

दुसरे बॅरिस्टर डॉ. आंबेडकर. १९१७ साली परदेशातले शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी खानावळीत उतरले. वर जाऊन कपडे उतरवत होते तोच व्यवस्थापक वही घेऊन आला. अंगावर सदरा आणि कस्ती नाही हे त्याला दिसले, आणि हा माणूस पारशी नाही हे उघड झाले. आमच्या मते आपल्या इतिहासातले हे फार बोलके दृश्य आहे. वरचे कपडे अंगावर होते तोवर कोणी विचारले नव्हते, आतली दोन वस्त्रे नव्हती म्हणून विचारले. पारशी नावाने वहीत नोंद करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी दाराशी आली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्यानेही आसरा दिला नाही. बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

तरीही त्यांनी सूट सोडला नाही. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत लंडनला दोघेही हजर होते, एक पंचा आणि शालीत, दुसरे सुटात. ज्याच्यापाशी होते त्याने सोडले, ज्याला नाकारले गेले होते त्याने घातले, एवढे सरळ हे गणित नाही, कारण गांधीजींनाही तो कोट घालून अपमान गिळावा लागला होता. पण गावकुसाबाहेरच्या माणसाने कसे राहावे, काय नेसावे हे जिथे दुसरे ठरवत, तिथे कडक इस्त्रीचा निळा सूट काय बोलतो, हे आपल्या वस्तीतल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

दादाजान बॅरिस्टर नव्हते, बोटीवर नोकरीला होते. पण सुटाचे नियम त्यांचेही पक्के. एक दिवस घातला की दोन दिवस रुंद खांद्याच्या हँगरवर विश्रांती, म्हणजे घामाची ओल उडते आणि चुण्या आपोआप सुटतात. खिशात जड वस्तू नाही. प्रवासात कोटाचा एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवायचा, अस्तर बाहेर ठेवून घडी घालायची, आणि मुक्कामी पोचल्यावर गरम पाण्याच्या वाफेजवळ टांगायचा. गरम पाण्यात बुडवायचा मात्र कधीच नाही, लोकरीच्या धाग्यावरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटते. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागावर आधी येते. खाणारी ती अळी, उडणारा पतंग नव्हे. म्हणून झाडून, डाग काढूनच ट्रंकेत.

नियम ठाऊक असून आम्हीच चुकलो. नोकरीच्या मुलाखतीसाठी तो सूट घाईने लाँड्रीत दिला. ओले फडके न ठेवता तापलेली इस्त्री थेट फिरवली गेली. कोपरांवर आणि कॉलरवर चकाकी आली, ती आजही गेली नाही. दादी काही बोलल्या नाहीत, दोन दिवस.

गेल्या वर्षी शाळेच्या संमेलनासाठी तो पुन्हा काढला. बाह्या आखूड, पाठीत तंग. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या टेलरमास्तरांनी शिवण उसवली, बोटांनी आत चाचपले आणि म्हणाले, "शिवणाऱ्याने माया भरपूर सोडलीय." पाठीतली आणि बाह्यांच्या टोकातली माया बाहेर आली. साठ वर्षांहून अधिक काळ दुमडून राहिलेले ते कापड बाकीच्या कोटापेक्षा गडद निळे होते. संमेलनात हस्तांदोलन करताना दोन्ही मनगटांशी ती पट्टी दिसत होती. सातवीतल्या त्या मुलाच्या नजरेत ती पहिल्यांदा आली.