मोती शिंपला, गोड्या पाण्यातील
मृदुकाय संघातील एक द्विपुट प्राणी. शास्त्रीय नाव मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा. स्कॉटलंड, आयर्लंड, स्कँडिनेव्हिया, स्पेन-पोर्तुगाल आणि उत्तर अमेरिकेचा ईशान्य भाग येथील थंड, वाहत्या, चुना कमी असलेल्या नद्यांत तो आढळतो. काळपट शिंपा १२ ते १५ सेंमी. लांब होतो. शंभरी ओलांडलेले शिंपले दुर्मिळ नाहीत, आणि नेमके हे दीर्घायुष्यच जाणकारांनाही चकवते. तळाशी शेकडो शिंपले दिसले की वस्ती सुखरूप वाटते. पण त्यांत एकही कोवळा नसेल, तर ती वस्ती संपल्यातच जमा आहे. या जातीचे भवितव्य मोठ्या शिंपल्यांच्या मोजणीवरून नव्हे, तर वाळूखालच्या पिल्लांवरून ठरवले पाहिजे.

मादी एका हंगामात लाखो सूक्ष्म डिंभ पाण्यात सोडते. त्यांतले मोजके सामन किंवा ब्राऊन ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, हिवाळा तिथेच काढतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुमारास गळून तळाशी जातात. मग सुमारे पाच वर्षे ते रेती-गोट्यांत गाडून घेऊन वाढतात. तळाच्या फटींतून प्राणवायूयुक्त पाणी खेळत राहिले तरच ते जगतात. नांगरट, वनलागवडीसाठी खोदलेले चर, गुरांनी तुडवलेले काठ यांतून येणारा गाळ आणि खतांवर पोसलेले शेवाळ या फटी बुजवतात. प्रौढ शिंपला तळातून वर डोकावत असल्याने तगतो, पिल्लू गुदमरते.

खरा घात मोती काढणाऱ्यांनी केला, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही: एका मोत्यासाठी असंख्य शिंपले फोडले गेले, आणि ब्रिटनमध्ये १९९८ साली पूर्ण बंदी आल्यावरही चोरटी शिकार चालू राहिली. तरी मध्य युरोपात मोत्यांचा धंदा केव्हाच संपूनही ऱ्हास थांबला नाही, याचा उलगडा शिकारीने होत नाही. पिल्ले कृत्रिमरीत्या वाढवून सोडावीत, हा दुसरा युक्तिवाद. विंडरमिअर सरोवराकाठी तसे संगोपन होतेही, आणि वंश टिकवून धरण्यासाठी ते हवेच. पण गाळाने भरलेल्या तळात सोडलेले पिल्लू पुन्हा त्याच कारणाने मरते. संगोपनाने फक्त वेळ मिळतो. त्या वेळात पाणलोटातला गाळ थांबवावा लागतो.

युरोपच्या २०११ च्या लाल यादीत ही जात अतिसंकटग्रस्त ठरली. यापुढच्या प्रत्येक सर्वेक्षणात एकूण शिंपल्यांच्या आकड्याआधी दहा वर्षांखालच्या शिंपल्यांचा आकडा दिला गेला पाहिजे.