रेमो फर्नांडिस : स्वावलंबी संगीतकार व चित्रकार

प्रस्तावना : भारतीय लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुधा चित्रपटसंगीताच्या अंगानेच लिहिला गेला. परिणामी चित्रपटसृष्टीबाहेर स्वबळावर उभे राहिलेले कलावंत दुर्लक्षित राहिले. गोव्याचे रेमो फर्नांडिस हे त्यांपैकी एक होत.

जडणघडण : त्यांचा जन्म ८ मे १९५३ चा. १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. कोकणी लोकगीते, पोर्तुगीज सूर व पाश्चात्त्य रॉक हे तिन्ही संस्कार त्यांच्यावर झाले. मुंबईत त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले; रेषेची शिस्त तेथे पक्की झाली.

कार्य : १९८४ मध्ये त्यांनी 'गोवन क्रेझी' ही कॅसेट शिवोलीच्या घरीच ध्वनिमुद्रित केली. गीतलेखन, गायन, वादन एवढेच नव्हे, तर वेष्टनावरील चित्रही त्यांचेच होते. कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोहोचविण्याचे कामही त्यांनीच केले. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) मध्ये त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध आवाज उठविला. पुढे 'जलवा' (१९८७) व 'बॉम्बे' (१९९५) या चित्रपटांतील गाण्यांमुळे ते देशभर परिचित झाले. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

निष्कर्ष : चित्रपटगीतांनी त्यांना कीर्ती दिली, तथापि त्यांचे ऐतिहासिक महत्त्व त्या घरगुती कॅसेटमध्ये आहे. स्वस्त झालेल्या ध्वनिमुद्रण-तंत्रामुळे महानगरापासून दूरच्या कलावंतालाही निर्मितीची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवता येतात, हे तिने सिद्ध केले. वाशिमसारख्या जिल्ह्यांतील लोककलावंतांचा अभ्यास करतानाही हीच कसोटी उपयुक्त ठरेल : कलेची मालकी कोणाकडे राहिली?