पालवणकर बाळू आणि कर्णधारपदाचा प्रश्न

क्रिकेटचा खेळ हा या त्रैमासिकाचा नित्याचा विषय नव्हे, हें आम्ही जाणून आहों. परंतु सनद, महजर व करीना यांच्या चिकित्सेंत जे नियम आपण पाळतों, तेच अर्वाचीन साधनांस लावून पाहिल्यास कांहीं रूढ समजुतींचा निकाल लागतो. ‘खेळाला जात नसते’ ही तशीच एक समजूत. अध्यापकीच्या काळांत आम्हीं स्वतः हें वाक्य वर्गांत अनेकवार उच्चारलें आहे. पालवणकर बाळू या विख्यात गोलंदाजाचें चरित्र तपासतां तें अर्धेंच खरें आहे असें आढळून आलें. म्हणून हा लेख.

बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें चर्मकार कुटुंबांत झाला. वडील लष्करी चाकरींत असल्यामुळें मुलांचें बालपण पुण्यांत गेलें. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे चौघे बंधु पुढें नामांकित खेळाडू झाले. परंतु बाळूंचा मैदानाशीं पहिला संबंध आला तो चाकर म्हणून. पुण्यांतील पारशी मंडळींच्या क्लबांत मैदान झाडणें व खेळपट्टीवर रूळ फिरविणें हें त्यांचें काम. वेतन दरमहा तीन रुपये. तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबांत गेले. मैदानाचीं कामें करतां करतां साहेब लोकांस सरावासाठीं चेंडू टाकण्याचें काम त्यांजकडे आलें. ग्रेग या निष्णात फलंदाजास दिवसेंदिवस गोलंदाजी करून त्यांची डाव्या हाताची मंद फिरकी सिद्ध झाली. आपण बाद झालों कीं ग्रेग आठ आणे देत असे, ही गोष्ट आख्यायिका म्हणूनच घ्यावी; पण गोलंदाजी चाकराची व फलंदाजी साहेबाची ही वांटणी मात्र खरी होती.

पुढें पुण्याच्या हिंदु संघानें युरोपियनांशीं सामना देण्याचें मनावर घेतलें, तेव्हां बाळूंस घ्यावें कीं न घ्यावें असा वाद माजला. शेवटीं घेतलें, कारण त्यांच्यावांचून जय दुर्घट होता. मात्र मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं हातीं धरावा, आणि चहाच्या वेळीं त्यांस मंडपाबाहेर मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा द्यावा, अशी व्यवस्था होती. एकाच हाताचा स्पर्श खेळांत ग्राह्य व पंक्तींत त्याज्य, हा भेद वाचकांनीं ध्यानीं ठेवावा. पुढील विवेचनास तो उपयोगी पडेल.

१८९६-९७ च्या प्लेगाच्या सुमारास बाळू मुंबईस आले व तेथील हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ सालीं मुंबईंत हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्यांत बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. पुढच्याच सालीं पारशी संघासह तिरंगी सामने सुरू झाले, आणि १९१२ सालीं मुसलमान संघ मिळून ते चौरंगी झाले.

१९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं अखिल हिंदी संघ इंग्लंडास गेला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकीं १० त्यानें गमावले व अवघे २ जिंकले. अशा दुर्बळ संघांत राहून, वयाच्या पस्तिशींत, बाळूंनीं या सामन्यांत ७५ गडी बाद केले. दर गड्यामागें धावा सुमारें २०. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत त्यांनीं १०३ धावा देऊन ८ गडी घेतले. जे दोन सामने जिंकले, त्यांपैकीं लीस्टरशायरच्या सामन्यांत बाळूंचे ११ गडी, व सॉमरसेटच्या सामन्यांत शिवराम यांचें नाबाद शतक. दोन्ही जय एकाच घराच्या पराक्रमावर उभे होते. परत आल्यावर मुंबईच्या दलितवर्गीयांनीं बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचें मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनीं सिद्ध केलें होतें, असें चरित्रकार नमूद करतात. प्रथम श्रेणीची त्यांची एकंदर कारकीर्द ३३ सामन्यांची. त्यांत १७९ गडी, आणि दर गड्यामागें धावा सुमारें १५.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानलें आहे. वस्तूचें न आढळणें हेंही ज्ञानाचें साधन होतें. अट एवढीच कीं, ती तेथें असती तर आढळलीच असती अशी योग्यता पाहिजे. मुंबईच्या या सामन्यांत हिंदु संघाच्या कर्णधारांच्या मालिकेंत बाळूंचें नांव नाहीं. त्यांची योग्यता वरील आंकड्यांनीं सिद्ध आहे, आणि अनुभवांत त्यांस जोड नव्हती. तेव्हां या अभावास कारण दाखविलें पाहिजे.

कोणी म्हणेल, ज्यानें वेतन घेऊन चेंडू टाकले त्यास कर्णधार न करण्याची चाल इंग्लंडांतही होती. हें खरें आहे. इंग्लंडानें लेन हटन या व्यावसायिकास नियमित कर्णधारपद दिलें तें १९५२ सालीं. परंतु हा आक्षेप येथें टिकत नाहीं, कारण समकालीनांची साक्ष निराळी आहे. १९१३ सालीं कर्णधार पै यांनीं आपल्याच सत्कारप्रसंगीं, हा मान वस्तुतः आपले स्नेही बाळू यांस मिळावयास हवा होता, असें बोलून दाखविलें. ज्यास मान मिळाला त्यानेंच दिलेल्या या साक्षीचें मोल अधिक आहे. दुसरी साक्ष १९२० सालची. त्या सालीं बाळूंस वगळण्यांत आलें, आणि पै आजारी असतां कर्णधारपद देवधर यांजकडे गेलें. तेव्हां विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें व जातीमुळें होणाऱ्या अन्यायाविषयीं जाहीर पत्रक काढलें. त्यानंतर बाळूंस संघांत घेऊन उपकर्णधार नेमलें, तेव्हां बंधु परतले. पुढें १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदु संघानें चौरंगी सामने जिंकले. त्यांचें ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मवृत्त १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. या विषयाचें तें मुख्य मराठी साधन होय.

बाळूंचें पुढील आयुष्य सार्वजनिक कार्यांत गेलें. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत ते मुंबईंत डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध काँग्रेसतर्फे उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. ज्यांच्या गौरवार्थ मानपत्र लिहिलें, त्यांच्याशींच पुढें हा सामना झाला. जुलै १९५५ मध्यें बाळू मुंबई येथें निवर्तले.

या सर्वांवरून आमचा निष्कर्ष असा. खेळानें दार उघडलें, पण तें गरजेपुरतें. गडी बाद करण्यास दुसरा कोणी नव्हता, तेथवर गुण चालला. कर्णधारपदास दुसरा कोणीही चालण्याजोगा होता, तेथें जात आडवी आली. धावपत्रक हें घटनास्थळीं, घटनेच्याच वेळीं लिहिलेलें अस्सल साधन खरें; पण त्यांत बाद केलेल्या गड्याची नोंद होते, नाकारलेल्या मानाची होत नाहीं. ती शोधावी लागते ती पत्रकांत, भाषणांत, आत्मवृत्तांत आणि क्लबांच्या कामकाजाच्या वह्यांत. पोथ्या व दप्तरें जतन करणाऱ्या आमच्या बंधूंस विनंति इतकीच कीं, जुन्या जिमखान्यांच्या अशा वह्या, मानपत्रें व पत्रकें हातीं लागल्यास तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. पेशवाईच्या कागदांइतकाच त्यांचाही मान ठेवावा.