घरगुती भट्टी आणि अबकारी कायदा : ठाणे–कुलाबा परिसरातील मोहाच्या दारूचा इतिहास

मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आज विनोदाने वापरला जातो. ‘बेवडा’ हा शब्द तर शिवीच झाला आहे. मुळात हे दोन्ही शब्द ऊर्ध्वपातनाच्या कारागिरीतले होत. भट्टीतून प्रथम टपकणारी दारू सर्वांत तीव्र असते, ती पहिल्या धारेची. आणि एकदा गाळलेली दारू पुन्हा भट्टीवर चढवून काढलेली, ती बेवडा. उत्पादकाच्या परिभाषेतील शब्द मद्यपीच्या निंदेपर्यंत कसे घसरले, याचे उत्तर बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील महसुली धोरणात सापडते.

घरगुती भट्टीची रचना साधी असे. मोहाची फुले मार्च–एप्रिलमध्ये पहाटे गळून पडतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबवीत. नंतर हा आंबवण मातीच्या मडक्यात घालून चुलीवर ठेवीत, मडक्याचे तोंड दुसऱ्या भांड्याने झाकून सांधे ओल्या मातीने लिंपीत आणि बांबूची पोकळ नळी थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडीत. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. त्यामुळे आधी उठणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण अधिक असते. आच मंद ठेवणे आणि पाणी थंड राखणे, एवढ्यावरच सारे कसब अवलंबून असे. तापमापकाचे काम हात आणि जीभ करीत.

ही रचना पुरातत्त्वज्ञांनाही परिचित आहे. तक्षशिलेजवळील सिरकप आणि चारसद्द्याजवळील शैखान ढेरी येथील मातीची भांडी ऊर्ध्वपातनाची असावीत, असे प्रतिपादन रेमंड ऑलचिन यांनी १९७९ मध्ये केले. वाफ नळीने बाहेर नेऊन पाण्यातील भांड्यात थंड करण्याच्या या पद्धतीला जोसेफ नीडहॅम यांनी गांधार पद्धती म्हटले. या भांड्यांचा उपयोग खरोखर मद्यासाठीच होत होता का, यावर मतभेद आहेत. तथापि पाड्यावरील मडक्याशी त्यांचे साम्य लक्षणीय आहे.

वारली, कातकरी, ठाकूर इत्यादी समाजांत जन्म, विवाह, मृत्यू व देवकार्य यांत मद्याला स्थान होते. या व्यवहाराला १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मुळातून धक्का दिला. त्यापूर्वीही दारूवर मक्ते होतेच. पण नव्या व्यवस्थेने उत्पादन ठरावीक मोठ्या भट्ट्यांत एकवटले. चार्ल्स प्रिचर्ड हा या धोरणाचा प्रमुख शिल्पकार होता. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र बनले आणि विक्रीचे मक्ते प्रामुख्याने पारशी व्यावसायिकांकडे गेले. आदिवासी उत्पादक ग्राहक झाला. जी वस्तू तो अंगणात पडलेल्या फुलांतून तयार करीत असे, तीच त्याला करासह रोख अथवा उधारीने विकत घ्यावी लागली. उधारीतून मजुरी व जमीन गहाण पडण्याचा मार्ग फार लांबचा नव्हता. वन कायदाही १८७८ चाच, हे येथे विसरता येत नाही.

तरीही मडकी चुलीवर चढतच राहिली. तेव्हा १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांच्या साठ्यावरच निर्बंध आणले. मोहफूल हे टंचाईच्या काळातील अन्नही होते. दारू रोखण्याच्या नावाखाली अन्नावरच हात पडला. शासनाला मद्यपान थांबवायचे होते, असे मानणे कठीण आहे. पुण्यात दारूच्या दुकानांना परवाने देण्यास महात्मा फुले यांनी १८८० मध्ये घेतलेला आक्षेप याच महसुली हव्यासावर बोट ठेवणारा होता.

या पार्श्वभूमीवर १९२२ च्या देवी चळवळीकडे पाहावे लागते. डेव्हिड हार्डिमन यांच्या अभ्यासानुसार ही चळवळ पालघर किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत उगम पावली आणि उत्तरेकडे सुरत जिल्ह्यापर्यंत पसरली. अंगात येणाऱ्या देवीच्या आज्ञा होत्या : दारू–ताडी सोडा, पारशी दारूविक्रेत्यांशी व्यवहार तोडा. याला केवळ नैतिक सुधारणा म्हणणे अपुरे ठरते. ज्या मद्याचे उत्पादन हातातून काढून घेतले गेले होते, ते पिण्याचे नाकारून आदिवासींनी मक्तेदाराचे उत्पन्नच नाकारले. पुढे गुजरातेत वर्ज्य करणारे ‘वरजेला’ आणि पुन्हा पिऊ लागलेले ‘सरजेला’ असे तट पडले, हेही नोंदवावयास हवे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहफुलांवरील नियंत्रण कायम ठेवले. शहरांच्या कडेला गूळ व नवसागर वापरणारी ‘हातभट्टी’ फोफावली. तिचे पाड्यावरील मडक्याशी नाते नावापुरते होते. जून २०१५ मध्ये मालवणी (मालाड) येथे शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉलच्या विषबाधेने. परंतु अशा प्रत्येक घटनेनंतर ‘गावठी’ या एकाच शब्दाखाली घरगुती मोहाच्या दारूवरही ठपका येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. परवान्याविना भट्टी लावणे मात्र त्यानंतरही गुन्हाच राहिला.