राब आणि राखीव रान

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे शहाडामागून आंबिवलीचें स्थानक लागतें. आज हें गांव कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या पोटांत गेलें आहे. रान असें म्हणण्याजोगें कांहीं दिसूं लागतें तें टिटवाळा मागें पडल्यावर. तेथील उघडे डोंगर पाहून, या खेडुतांनीं व ठाकूर-कातकऱ्यांनीं रानाचा नाश केला, असा उद्गार सुशिक्षित उतारूच्या तोंडून सहज निघतो. या उद्गारांत तथ्य किती, हें इतिहासास विचारून पाहावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इ. स. १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी हस्तगत केली व येथील खाडींत आरमाराची उभारणी आरंभिली. आरमार म्हटलें कीं लांकूड आलेंच. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत या लांकडाला मर्यादा घातलेली आढळते. सागासारखें लांकूड परवानगीनें तोडावें. आंबा-फणसांस मात्र हात लावूं नये, कारण तीं झाडें रयतेनें पोटच्या लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झाड घेणें प्राप्तच झालें, तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा त्याचा आशय आहे. राज्याची गरज आणि रयतेचा जिव्हाळा यांचा एकत्र विचार करणारी ही दृष्टि होती.

पुढें इंग्रजी अमलांत, सन १८४७ मध्यें, डॉ. गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले जंगलरक्षक झाले. सन १८५४ मध्यें लोहमार्ग कल्याणास, १८५५ मध्यें वासिंदास आणि १८६१ मध्यें कसाऱ्यास पोंचला. रुळांखालीं घालावयास लांकूड, सरपणास लांकूड आणि वाढत्या मुंबईच्या चुलींस कोळसा, अशी मागणी एकदम वाढली. सन १८६५ व १८७८ च्या कायद्यांनीं सरकारनें रानावर आपली पकड बसविली. दुसऱ्या कायद्यांत राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग होते. पैकीं तिसरा वर्ग बहुतेक कागदावरच राहिला.

येथें ‘राबा’चा प्रश्न उभा राहिला. कोंकणांतील वाचकांस राब सांगावयास नको. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. भाताचें रोप ज्या तुकड्यांत करावयाचें, त्यावर उन्हाळ्यांत शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर पसरून ते जाळतात. राखेनें जमिनीस कस येतो, आंचेनें तणाचें बीं मरतें आणि पाऊस पडतांच पेरलेलें रोप जोमानें वाढून लावणीस तयार होतें. या कामीं ऐनाच्या फांद्यांस मोठा मान. जंगलखात्याच्या दृष्टीनें ही झाडांची विटंबना होती. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें वर्षाचें अन्न होतें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला कीं सन १८८५ मध्यें सरकारला एक कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें बाहेर पडला.

त्यानंतर विलायतेहून आलेले शेतकीरसायनज्ञ डॉ. वोल्कर यांनीं सन १८९३ च्या आपल्या अहवालांत मूळावरच बोट ठेविलें. शेतकरी शेण जाळतो तो अडाणीपणानें नव्हे, सरपण मिळत नाहीं म्हणून. यास्तव शेतीच्या सोयीसाठीं सरपणाचीं व चाऱ्याचीं रानें राखावीं, असें त्यांचें म्हणणें होतें. सन १८९४ च्या सरकारी वनधोरणावर या मताची छाप पडली. तथापि ठरावांतील उदारपणा रानांतल्या शिपायापर्यंत क्वचितच पोंचला. सन १९३० च्या सप्टेंबरांत कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें जंगल-सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार होऊन माणसें प्राणास मुकलीं, हें त्याचें कटु फळ होय.

राब सर्वथा निर्दोष होता असें कोणी म्हणणार नाहीं. बेसुमार फांदोडी झाली म्हणजे ऐन खुंटतो हें खरेंच. परंतु फांदी तोडणाऱ्यास पुढल्या वर्षीं त्याच झाडाची फांदी पुनः हवी असते. बुंधा तोडून नेणाऱ्या मक्तेदारास त्या झाडाचें पुढें काय होईल याची फिकीर नसते. पहिल्याच्या गरजेंत जपणूक दडलेली आहे. त्याचा हक्क काढून घेतला कीं गरज तेवढी उरते, आणि जपणूक नाहींशी होते.

सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवांस रानाचा उपयोग घेण्याबरोबर तें राखण्याचाही अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास सुमारे १,८०० हेक्टर रानावर असा सामूहिक हक्क सन २००९ मध्यें मिळाला व २०११ पासून गांवानें आपला बांबू आपणच विकला. आपल्याच जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांत, कातकरी तरुणांनीं वनधन केंद्राच्या द्वारें गुळवेल गोळा करून औषधी कारखान्यांस विकण्याचा उद्योग उभारला. वेलाचें मूळ राखून कांड कापलें तर तो पुनः फुटतो; मुळासकट ओरबाडला तर धंदाच बुडतो. हें शहाणपण शिपायाच्या दंडुक्यानें येत नाहीं, वेल आपला आहे या खात्रीनें येतें.

आंबिवलीचें रान गेलें तें राबामुळें कीं शहरामुळें, याचा निवाडा वाचकांनींच करावा. शहापुरापलीकडे जें अद्याप उरलें आहे, त्याच्या रक्षणासाठीं मात्र, ज्यांची चूल त्यावर पेटते त्यांसच प्रथम हांक मारली पाहिजे.